दिनू, यंदा नावं मी पुकारली

दिनू,

तू जाऊन अजून महिना झाला नाही, आणि तुझ्या माईकची वायर नेमकी कुठे सैल आहे ते मला कळलं. बोलताना तू माईकचं खालचं टोक मुठीत घट्ट आवळून धरायचास. मला इतकी वर्षं वाटायचं, ही तुझी ऐट. परवा दिवाळीच्या पाडव्याला मारुतीच्या पारावर मी तो हातात घेतला, 'नमस्कार मंडळी' म्हणालो, आणि त्यातली 'मंडळी' कुणाला ऐकूच आली नाही. समोर बायकांत बसलेल्या कमलवहिनी ओरडल्या, "भावजी, खालून दाबा, खालून! वायर ढिली हाय त्याची. बदला म्हणून म्हणून थकली मी, पण आयकते कोण?"

सगळा पार हसला. वहिनीही हसल्या आणि मग त्यांनी पदर तोंडाला लावला. लोकांच्या लग्नात तू कोरा करकरीत माईक द्यायचास आणि गावाच्या कामाला हा. घरच्या माणसाशी जसं वागावं तसा गावाशी वागलास.

जिल्ह्यातल्या एका मासिकाने मला तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. त्यांना तुझा जन्म, शिक्षण आणि सामाजिक कार्य हवं होतं. तुझी जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनीच ठरवली होती. शिक्षण बरंचसं माझ्या पेपरात डोकावून झालं. आणि सामाजिक कार्य हा शब्द कोणी काढला की तू म्हणायचास, "मी मंडपवाला हाय बे. मले खांब रोवता येते अन् भोंगा बांधता येते." तेव्हा ते सगळं राहू दे. मी तुझ्याशीच बोलतो. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे आणि पाडव्याला त्यात थोडी भर पडली, ती तुला सांगायची आहे.

एका माणसाचं नाव आणि धंदा मी यात बदलून लिहितोय. गावाचं नावही देत नाही. लोणारहून बीबीकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी एक, इतकं पुरे. "पुन्हा लपला का बे?" असं तू म्हणशील, मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच आणि मग बोल.

आपला गावनिधी पंख्यांमुळे सुरू झाला हे आताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. शाळेत पंखे नव्हते. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने सगळ्या वर्गांना पंखे दिले. चांगलंच केलं, त्यात वाद नाही. पण प्रत्येक पात्यावर लाल रंगात त्याच्या वडिलांचं नाव, गाव आणि 'यांच्या स्मरणार्थ'. वीज दिवसभर नसायची, त्यामुळे पंखे उभे, आणि मान वर करून पोरांना वाचायला तेवढंच. सहामाहीला 'आपल्या गावाची माहिती लिहा' असा प्रश्न आला, तर अर्ध्या वर्गाने गावाचा संस्थापक म्हणून त्या व्यापाऱ्याच्या वडिलांचं नाव लिहिलं. गुरुजींनी पारावर येऊन हे सांगितलं तेव्हा हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तू मात्र हसला नाहीस.

"काऊन रे, आपल्याले पंखे घेता येत नव्हते का?" तू मला विचारलंस.

"कोण देणार? सगळ्यांचेच हात तंग," मी म्हणालो.

"तंग हाय म्हणे! मी मंडप बांधतो बे. कोणाच्या लग्नात किती फटाके उडते ते माह्या डोळ्यासमोर उडते. देनारे हाय, मांगाले कोणी जात नाही. भंडाऱ्यासाठी आपण घरोघरी जातो. शाळेसाठी कोण गेलतं आतापर्यंत? तू गेलता?"

मी लोणारला शाळेत शिकवतो, पगार खातो, पण गेलो नव्हतो. तू दुसऱ्या दिवशी गेलास. बरोबर मला ओढलंस, कारण मी 'सर' होतो आणि सरांसमोर लोक दार लावून घेत नाहीत, असा तुझा हिशेब.

कागदपत्रं माझ्याकडे आली. बुलडाण्याला धर्मादाय कार्यालयात आपण इतके खेटे घातले की तिथल्या चहावाल्याने तुला एका लग्नाचा मंडप सांगितला. नियम मी लिहिले. जमलेली रक्कम बँकेत राहील, तिला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्च करायचं. कशावर खर्च करायचं ते पाडव्याला पारावर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, कारण दिवाळीला पुण्या-सुरतेचे पण घरी आलेले असतात. ज्याने काही दिलं त्याला बोलायचा हक्क, मग ते पैसे असोत, ट्रॅक्टरचा एक दिवस असो की घरची डाळ असो. इथवर सगळं माझं होतं. त्याखाली तू जे सांगितलंस आणि मी कपाळाला आठ्या घालून लिहिलं, ते असं : देणाऱ्याचं नाव कुठेही रंगवायचं नाही. पाटी नाही, पंखा नाही, बाकडं नाही. नाव फक्त पाडव्याच्या संध्याकाळी भोंग्यावर पुकारायचं, एकदाच. आणि पुकारणाऱ्याने सुरुवात स्वतःच्या नावापासून करायची.

"हे कशाला?" मी विचारलं होतं.

"लोखंडावर नाव टाकलं का मानूस सुटला. नातवापर्यंत पुरते ते. भोंग्यावरचं नाव नाल्यापर्यंत जाते अन् विरते. पुढच्या पाडव्याले पुन्हा आयकाचं असन तर पुन्हा द्या लागते."

"आणि स्वतःचं नाव आधी?"

"मी काय देल्लं हे न सांगता दुसऱ्याले काय देतो म्हणून इचारू? हे बरं हाय!"

पहिल्या पाडव्याला तू स्वतःचं नाव असं काही पुकारलंस की पलीकडच्या वस्तीवरचे कुत्रे भुंकले. "दिनकर मंडपवाले! यंदाच्या सगळ्या लग्नायतल्या एका लग्नाची पुरी कमाई! कोन्तं लग्न ते इचारू नका, मोठंच धरलं हाय!" तुला जराही संकोच नव्हता. तू खूश होतास आणि ते दिसत होतं.

मला ते पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही, हे तू गेलास म्हणून मी बदलणार नाही. दिलं ते सांगायचं कशाला? ज्याला देता येत नाही त्याने शेजाऱ्याचं नाव ऐकून मान खाली का घालायची? तुझं उत्तर तयार असायचं. "म्हणून तर चटनी बी पुकारतो." आणि खरंच पुकारायचास. पुण्याच्या इंजिनियरची देणगी आणि रुख्मामायची शाळेच्या पोरांसाठी एक दिवसाची ज्वारीची भाकर, दोन्ही एकाच पट्टीत. रुख्मामायचं नाव तर मुद्दाम दम घेऊन घ्यायचास. भोंग्यावर आपलं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हातारी उठून उभी राहिली होती, शाळेत हजेरी घेतल्यासारखी.

पण माझा मुद्दा मी ज्यासाठी वापरत होतो ते कारण वेगळं होतं, आणि ते तू पहिल्या दिवशीच ओळखलंस. त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाने, गजाननने, विहिरीवरच्या मोटारीसाठी माझ्याकडे मदत मागितली होती. माझा हात तंग नव्हता. मी तंग आहे म्हणून सांगितलं. भोंग्यावर माझं नाव आलं असतं तर सगळ्यात आधी कान त्याचे टवकारले असते. म्हणून मी तुझ्या गोदामात आलो, सतरंज्यांच्या ढिगाआड तुझ्या हातात पाकीट ठेवलं आणि म्हणालो, "नाव नको. गुप्तदान समज."

"हे गुप्तदान नाही, हे भेव हाय," तू म्हणालास.

"समज काय समजायचं ते."

"अन् मी भोंग्यावर काय पुकारू?"

"एक हितचिंतक."

"हितचिंतक कोन बे? कोन्त्या गल्लीत राह्यते? त्याले पाहून शेजारी काय शिकन? मले नाव पायजे, ज्याच्या घरासमोरून लोक जातीन अन् म्हनतीन, यानं देल्लं, मंग आपल्याले काय धाड भरली!"

तरी तू पाकीट ठेवून घेतलंस. त्या संध्याकाळी सगळ्यांची नावं झाल्यावर तू थांबलास आणि 'एक हितचिंतक' हे शब्द असे उच्चारलेस, जशी कोणी भाजीत अळी निघाल्याची तक्रार करतो.

आणि नेमके तेव्हाच बन्सीभाऊ खोकले.

बन्सीभाऊ हे त्यांचं नाव नाही, आणि त्यांचं किराणा दुकानही नाही, पण आपण देऊन टाकू. गावात त्यांची ख्याती अशी की त्यांच्या दुकानात माशी गुळावर बसली तर ते तिचे पाय झटकून तिला सोडतात. पारावरच्या कुठल्याच सभेला ते कधी येत नसत. त्या दिवशी कोणाला तरी उधारीची आठवण द्यायला आले होते, तो माणूस सभेत बसलेला, म्हणून हेही कडेला टेकले. सर्दी झालेली. 'हितचिंतक' ऐकल्याबरोबर खोकला आला, सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि इतके लोक आपल्याकडे पाहतात म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली.

बस. गावाला पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात होतो. रुख्मामायने काउंटरवर ताकाचा तांब्या ठेवला आणि त्यांच्यावरून बोटं मोडली. "बन्सी, तुह्या तोंडावरून वाटत नव्हतं रे बाबा."

"माय, मी नाही देल्लं काही!"

"हाव, हाव. सांगू नको कोनाले. मी बी नाही सांगत." आणि जाताना बाहेर उभ्या असलेल्या तिघींना सांगून गेली.

ते दिवसभर ओरडत होते, "मी नाही देल्लं! एक दमडी नाही देल्ली! आईशप्पथ!" आणि लोक एकमेकांकडे पाहून माना डोलवत होते. गुप्तदान करणारा माणूस आणखी काय म्हणणार? जो जितका नाही म्हणेल तितका तो मोठा. सरपंचांनी रस्त्यात थांबून त्यांना नमस्कार केला. ज्यांची उधारी होती त्यांच्यातले काही स्वतःहून येऊन देऊन गेले, इतक्या भल्या माणसाचे कसे थकवावे म्हणून. इतकी वसुली त्यांनी कुठल्याही तगाद्याने कधी झालेली पाहिली नव्हती. आठवडाभरात ते ओरडायचे थांबले. महिन्याभरात कोणी विषय काढला तर "जाऊ द्या ना" म्हणू लागले.

तुला हे सांगायला मी धावत गोदामात आलो होतो. आपण दोघं त्या सतरंज्यांवर पडून हसलो. तुला ठसका लागला. मग तू एकदम उठून बसलास आणि म्हणालास, "पल्ल्या, तुले बरं वाटून राह्यलं ना? तुह्या वाटचं पुन्य तो घेऊन गेला अन् तू सुटला म्हणून?"

हो. बरं वाटत होतं. गजाननने मला त्या आठवड्यात विचारलं होतं, "दादा, तुम्ही काही नाही देल्लं का निधीत?" आणि मी म्हणालो होतो, "जमलं नाही रे." दिलं ते दिलं, वर खोटंही बोललो. असा दानशूर आपल्या तालुक्यात दुसरा नसेल.

पुढच्या पाडव्याला बन्सीभाऊ आले. धुतलेलं धोतर, टोपी. तुझ्याजवळ आले, खिशातून पाकीट काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यंदा नाव घेऊन टाका. मांगच्या खेपेसारखं लपूनछपून नको. लोक उगा चर्चा करते." तू माईक तोंडासमोरून बाजूला केलास, कारण तुला हसू दाबता येत नव्हतं. मी मारुतीच्या मागे जाऊन उभा राहिलो. मग तू पुकारलंस, "बन्सीभाऊ किरानावाले!" आणि तुझ्या आवाजात मस्करी नव्हती, दिनू. मी नीट ऐकलं. तू ते नाव रुख्मामायच्या नावासारखंच पुकारलंस, दम घेऊन.

गंमत म्हणजे त्याही वर्षी मी पाकीट दिलंच होतं आणि 'एक हितचिंतक' पुन्हा आला. गावाने ठरवलं की बन्सीभाऊ दोनदा देतात. एकदा उघड, एकदा लपून. त्या वर्षी त्यांनी दुकानालगतची खोली गावाला दिली, पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलींना बसायला. दोनदा देणाऱ्याला तेवढं करावंच लागतं. आजही संध्याकाळी त्या खोलीत दिवा असतो, आणि बन्सीभाऊ मुलींना आत शेंगदाणे पाठवतात. मोजून पाठवतात म्हणे, पण पाठवतात.

मी तुला म्हणालो होतो, "बघ, नाव न सांगण्याचाही उपयोग होतो."

"तुह्या भित्रेपनातून एक दानी पैदा झाला," तू म्हणालास. "पन तो झाला कसा? लोकायनं त्याचं नाव घेतलं म्हनून. मी म्हनतो तेच झालं."

ह्या एका गोष्टीवर आपण इतक्या वर्षांत किती भांडलो. तुझ्या टेम्पोत, मंडप सोडताना, लोणारच्या स्टँडवर चहा पिताना. मधल्या काळात गावनिधी मोठा होत गेला. शाळेला कोऱ्या पात्यांचे पंखे आले. बाहेरगावच्या व्यापाऱ्याचेही तू उतरवू दिले नाहीस, "देनाऱ्याचा अपमान नको" म्हणालास, फक्त पोरांना खरा इतिहास सांगायची जबाबदारी माझ्यावर टाकलीस. कॉलेजातून येणाऱ्या मुलींची संध्याकाळची एसटी चुकली तर आणायला जीप सुरू झाली. जालन्याला डायलिसिसला जाणाऱ्यांच्या गाडीचं डिझेल निधीतून निघू लागलं. आजूबाजूच्या गावांचे लोक नियम विचारायला आले की तू त्यांना माझ्याकडे पाठवायचास, "कायदा सरकडं हाय, आवाज माह्याकडं." दरवर्षी मी पाकीट देत राहिलो. दरवर्षी तू ते शब्द अळीसारखे उच्चारत राहिलास.

यातलं काहीच माझ्या एकट्याने झालं नसतं. मी असतो तर नियम लिहून कपाटात ठेवले असते. हे मी तुला कधी म्हणालो नाही. तुझ्यासमोर म्हणालो असतो तर तू मला टेम्पोतून उतरवलं असतंस.

जालन्याच्या दवाखान्यातली ती दुपार मला अजून सोडत नाही. तुझ्या नाकाला नळी होती आणि तरी तू माझ्या अंगावर ओरडायची तयारी करत होतास.

"यंदा पाडव्याले मी उभा नाही राह्यत वाटते. तू उभा राह्य."

"बरा होशील तोवर."

"अन् उभा राह्यला तर पह्यले सोताचं नाव. कायदा हाय. तुह्याच हातानं लिहेल हाय."

"आणि बन्सीभाऊचं काय? मी आता सांगितलं की हितचिंतक मी होतो, तर त्यांनी या वयात तोंड कुठे दाखवायचं?"

"झालं! पह्यले गजाननच्या आड, आता बन्सीच्या आड. तुले दर वेळेस आड लागतेच का बे कोनी?"

मी चिडलो. दवाखान्यात, नळी लावलेल्या माणसावर चिडलो. म्हणालो, "तुला सगळं सोपं वाटतं. भोंग्यावर ओरडलं की झालं. प्रत्येकाचं मन तुझ्यासारखं जाड नसतं."

तुला खोकला आला. वहिनींनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "भावजी, भांडाचं असन तर घरी आल्यावर भांडा. इथं डॉक्टर मले बोलते."

दारातून मी मागे पाहिलं तेव्हा तू हात हलवत होतास. तो 'जा' होता की 'थांब', हे मला कळलं नाही. मी म्हणालो, "बरा हो, मग पाहू." तू घरी आलास तो भांडायच्या अवस्थेत नव्हतास.

तुझं मन जाड नव्हतं, दिनू. हे मी त्या दारातच म्हणायला हवं होतं.

तर पाडवा. वहिनी येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं होतं. तेरवी नुकतीच झालेली. पण त्या पांढरी साडी न नेसता, नेहमीची हिरवट साडी नेसून आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. भोंगा तुझ्या मंडपावरच्या पोरांनी नेहमीच्या लिंबावर बांधला. माईक कोणी घ्यायचा यावर सगळे एकमेकांना पुढे ढकलत होते. मग कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्हीच घ्या," आणि मी घेतला. वायरचं सांगितलंच तुला.

वायर दाबल्यावर आवाज आला आणि मग मला सबब उरलीच नाही. कायदा माझ्याच अक्षरात होता. मी माझं पाकीट खिशातून काढलं. यंदा ते गोदामात देण्यासारखं कोणी नव्हतं.

"प्रल्हाद नारायणराव," मी म्हणालो. "एक महिन्याचा पगार."

लिंबावरून माझंच नाव माझ्याकडे परत आलं. मला ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटलं.

सगळ्यात मागून गजाननचा आवाज. "दादा, हात सुटला वाटते!"

हशा झाला. मी ज्या वाक्याला इतकी वर्षं घाबरलो ते वाक्य एवढंच होतं, आणि ते संपायला एका हशाइतका वेळ लागला. "सुटला रे," मी माईकवरच म्हणालो, "उद्या घरी ये. मोटारीचं बोलू."

"मोटार कव्हाच बसवली," तो म्हणाला. "पन येतो. फराळ ठेवा."

एवढ्यात बन्सीभाऊ उभे राहिले. मी मनात म्हटलं, आलं. ते टोपी सारखी करून म्हणाले, "सर, उशिरा का होईना, सुधारले म्हनाचं! आम्ही इतके वर्स वाट पाह्यली. पगारदार मानूस, अन् दरसाल मांगं मारुतीआड उभा राह्ये." मग लोकांकडे वळले. "मी मास्तर नाही, शिकेल नाही. पन पह्यल्या वर्षापासून देऊन राह्यलो. पह्यल्या वर्षी तर नाव बी नाही सांगतलं! पुसा कोनाले बी!"

"खरं हाय," रुख्मामाय म्हणाली. "मले माहीत होतं." आणि पारावर टाळ्या पडल्या.

माझ्या तोंडाशी आलं होतं. माईक हातात होता, वायर दाबलेली होती. त्या पहिल्या पाकिटाचा साक्षीदार एकच होता आणि तो आता नव्हता. मी सांगितलं असतं तर लोकांनी मानलंही असतं, मी सर आहे. मी बन्सीभाऊंकडे पाहिलं. टाळ्या ऐकताना त्यांचा चेहरा उजळला होता, लग्नात नवरदेवाच्या बापाचा असतो तसा. त्यांच्यामागे, दुकानाच्या बाजूला, त्या खोलीतल्या चार मुली पुस्तकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुमचं पाहूनच शिकलो, बन्सीभाऊ," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं, दिनू. मला बोलायला सुचलं म्हणून बोललो, पण बोलल्यावर कळलं की खोटं नव्हतं. सगळ्या गावासमोर पाकीट घेऊन चालत यायला मला त्यांच्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली.

मग नावं सुरू झाली. रुख्मामायला मी दम घेऊन पुकारलं, पण तुझ्यासारखं जमलं नाही. "थोडं मोठ्यानं घे रे," ती म्हणाली, "नाल्यापर्यंत जाऊ दे." वहिनी आल्या तेव्हा म्हणाल्या, "हा भोंगा अन् माईक दर पाडव्याले गावाचा. भाडं नाही." मी पुकारायला लागलो, "दिनकर मंडपवाले यांच्या..." आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ते गेले. देनारी मी हाय. माहं नाव घ्या."

"कमल दिनकर," मी पुकारलं. दोनदा पुकारलं. कायद्यात एकदाच आहे, पण तू ओरडला नसतास.

शेवटी कोणीतरी विचारलं, "यंदा हितचिंतक नाही का?" सगळ्यांनी बन्सीभाऊंकडे पाहिलं. ते हात जोडून म्हणाले, "महागाई किती झाली बाबा. दरसाल दोन-दोनदा कुठून आनू?" मी माईक तोंडासमोरून बाजूला केला. तू हसू कसं दाबायचास ते मला तेव्हा कळलं. तू दाबायचा नाहीस, नुसता माईक हलवायचास.

लोक पांगल्यावर मी आणि बन्सीभाऊ सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. म्हणजे मी घालत होतो आणि ते टोक धरून बोलत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"सर, मनाले लावून घेऊ नका माह्यं बोलनं. भोंग्यावर पह्यल्यांदा नाव आलं तव्हा मले बी जड गेलं होतं. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. वाटे, लोक काय म्हनतीन, हे आपलं हाय का नाही. मंग हळूहळू सवय झाली. तुम्हाले बी होईन."

कोणत्या वर्षीचं सांगता, हे मी त्यांना विचारलं नाही, दिनू. तू असतास तर विचारलं असतंस. माईकवर.